पाय सपाट आहे म्हणून बूट ‘स्टॅबिलिटी’चाच हवा का?

प्रश्न : सर, मी वडगावात राहते, मराठी शाळेत शिक्षिका आहे. वय 36, वजन 54 किलो. आधी व्हॅक्सिन डेपोत चालायला जायची, गेल्या दिवाळीपासून पळायला लागले. आता आठवड्यातून चार दिवस पहाटे येळ्ळूर रस्त्याने पळते. समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या कडेने पळते. पावसाळा संपला की 10 कि.मी.च्या शर्यतीत उतरायचं मनात आहे, म्हणून गेल्या महिन्यात आठवड्याचं अंतर 12 वरून 24 कि.मी.वर नेलं. पंधरा दिवसांपासून डाव्या नडगीची आतली बाजू, घोट्याच्या वर वीतभर, दुखतेय. पळायला सुरुवात केली की दुखतं, थोड्या वेळाने कमी होतं आणि घरी आल्यावर पुन्हा ठणकतं. बूट तीन वर्षांपूर्वी चालण्यासाठी घेतलेले आहेत. नवे घ्यायला गेले तर दुकानदाराने ओल्या पायाचा ठसा बघितला आणि म्हणाला, “पाय सपाट आहे, तुम्हाला स्टॅबिलिटीचाच बूट लागणार, साधा घातलात तर गुडघा जाईल.” माझे दीर बरीच वर्षं पळतात. ते म्हणतात, स्टॅबिलिटी वगैरे सगळं विकायचं निमित्त आहे, जास्तीत जास्त कुशन असलेला घ्या. दोन्हींच्या किमतीत दोन हजारांचा फरक आहे. शाळेत दिवसभर उभं राहावं लागतं, त्यामुळे पायाची फार धास्ती वाटते. काय घेऊ? माझा धाकटा भाऊ अग्निवीर भरतीची तयारी करतोय. त्याचाही पाय सपाट आहे आणि आता त्यालाही घोर लागलाय.
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, गुडघ्याची धास्ती आधी मनातून काढून टाका. सपाट पायाच्या माणसाने साधा बूट घातला की गुडघा जातो, या बोलण्याला आधार नाही. दिरांचंही मी पूर्ण मान्य करणार नाही. स्टॅबिलिटी बूट, म्हणजे पाय जास्त आत झुकू नये म्हणून आवरणारा, काही जणांच्या उपयोगी पडतो, आणि तुमच्या बाबतीत तर मी शेवटी थोडा त्याच बाजूला झुकणार आहे. मात्र ओल्या पायाच्या ठशावरून नव्हे. शिवाय बुटाच्या आधी नडगीचं बघायला हवं. ते दुखणं मुख्यतः दुसऱ्याच कारणाने आलंय आणि नुसता बूट बदलून ते जाणार नाही.

एका महिन्यात 12 चे 24 कि.मी., इथंच बहुतेक सगळं आहे. पळायला लागल्यावर दम लवकर वाढतो. दोन-तीन महिन्यांत वाटायला लागतं की आता कितीही पळू शकतो. हाडाचं तसं नसतं. हाडावर नवा भार पडला की ते आधी थोडं झिजतं आणि मग त्या जागी नवी भरणी होऊन पक्कं होतं. या भरणीला आठवडे लागतात. मधल्या काळात भार वाढतच राहिला तर नडगीच्या आतल्या कडेला, जिथं पोटरीचे खोल स्नायू आणि हाडावरचं आवरण एकमेकांना धरून असतात, तिथं दुखायला लागतं. नव्याने पळणाऱ्यांत हे दुखणं फार सापडतं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त सापडतं, आणि ज्यांची पायाची कमान उभं राहिल्यावर जास्त खाली बसते त्यांच्यातही जास्त. म्हणजे तुमच्या पायाचा यात काहीच हात नाही असं मी म्हणत नाही. पण पाय गेल्या वर्षीही सपाटच होता. गेल्या महिन्यात बदललं ते अंतर.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रातच आहे आणि दुकानदाराला दिसण्यासारखी नव्हती. दुखतंय ते फक्त डाव्या पायाला, आणि तुम्ही नेहमी रस्त्याच्या उजव्या कडेने पळता. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता करतात. येळ्ळूर रस्त्याच्या कडेला एकदा उभं राहून बघा, उतार डोळ्यांना दिसतो. उजव्या कडेने पळताना जमीन उजवीकडे खाली गेलेली असते. डाव्या तळव्याच्या दृष्टीने उजवी बाजू म्हणजे अंगठ्याची, आतली बाजू. त्यामुळे डावा पाय प्रत्येक पावलाला आतल्या बाजूला जास्त कलतो आणि उजवा उलट बाहेरच्या बाजूला. आधीच आत झुकणारा पाय, त्यावर रस्त्याचा कल, त्यावर दुप्पट अंतर, आणि तीन वर्षं वापरून दबलेला सोल. सगळा ताण डाव्या नडगीच्या आतल्या कडेवर येणारच.

म्हणून डाव्या कडेने पळा असं मात्र मी सांगणार नाही. पहाटेच्या अंधारात समोरची गाडी दिसणं महत्त्वाचं आहे. त्यापेक्षा निदान तीन-चार आठवडे रस्ताच सोडा. व्हॅक्सिन डेपो तुम्हाला जवळ आहे. तिथली सपाट मातीची वाट नाही तर शाळेचं मैदान धरा. मैदानावर फेऱ्या मारताना अर्ध्या फेऱ्या एका बाजूने आणि अर्ध्या उलट्या बाजूने मारा, नाहीतर वळणावर पुन्हा एकाच पायावर भार येतो. अंतर पुन्हा 12 कि.मी.वर आणा आणि ते तीन दिवसांत वाटा, मध्ये एकेक दिवस मोकळा ठेवा. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं केलंत तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना दुखलं नाही तर पुढच्या आठवड्यात एक-दोन कि.मी. वाढवा. दुखलं तर तिथंच थांबा, आणखी आठवडाभर तेवढंच करा. शर्यत पावसाळ्यानंतर आहे, वेळ पुरेसा आहे.

घरी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच वर-खाली करण्याचा व्यायाम सुरू करा. आधी दोन्ही पायांनी, मग एकेका पायाने. हळू वर, त्याहून हळू खाली. एका पायावर सलग पंचवीसच्या आसपास निघायला लागले की पोटरी पळण्याचा भार पेलायला लागली असं समजा. शाळेत दोन तासांच्या मध्येही करता येतो हा व्यायाम, त्याला जागा लागत नाही. तुमच्या नडगीसाठी यासारखं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही माझ्या माहितीत नाही, आणि नेमकं हेच बहुतेक जण चार दिवसांत सोडून देतात. कृपा करून सोडू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही सांगतो. हे वाचून झालं की लगेच नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने दाबत वरून खाली या. चार-पाच बोटांच्या लांबीत सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर वर लिहिलंय तसं करा. पण एकाच जागी, एका बोटाखाली मावेल एवढ्याच ठिकाणी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारली की तिथंच झोंबत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्या दिवसापासून बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सुरुवातीला ती एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, तेव्हा ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका. पहाटे कपभर चहावर पळायचं, आल्यावर डबे, शाळेची घाई आणि स्वतःचं खाणं सगळ्यांच्या शेवटी, असं चालत असेल तर तेही बदला. खाणं कमी पडलं की हाडाची भरणी मागे पडते. पळायला लागल्यापासून पाळी चुकत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. हाडाच्या दुखण्याशी त्याचा थेट संबंध असतो.

आता बूट.

पळताना बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या कडेने टेकते. मग तळवा आतल्या बाजूला वळतो, कमान थोडी खाली बसते आणि त्यात धक्का जिरतो. याला प्रोनेशन म्हणतात. हा काही आजार नाही, पायाची रचनाच तशी आहे. काहींचा पाय जास्त वळतो, काहींचा कमी. (म्हणूनच जुन्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली दिसली की ‘तुमचा पाय बाहेर पडतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तशी झीज जवळपास सगळ्यांच्याच बुटाला होते.) कुशनचा, म्हणजे दुकानात ज्याला न्यूट्रल म्हणतात तो बूट, या वळण्यात हात घालत नाही. आत-बाहेर सगळीकडे सारखाच फोम असतो. स्टॅबिलिटी बूट हे वळणं थोडं आवरायला बघतो. पूर्वी त्यासाठी आतल्या बाजूला जास्त कडक फोमचा तुकडा बसवायचे, बहुतेक वेळा करड्या रंगाचा. अंगठ्याने दाबलं की फरक कळायचा. आता पुष्कळ कंपन्यांनी तो तुकडा काढून टाकलाय. ब्रुक्स कंपनीच्या ॲड्रेनॅलिन नावाच्या बुटात टाचेच्या दोन्ही बाजूंना उंच कडा येतात. ॲसिक्सचा कायानो 1993 पासून निघतोय आणि स्टॅबिलिटी बूट म्हणजे कायानो असं समीकरणच होतं, पण 2023 च्या तिसाव्या आवृत्तीपासून त्यातही तो कडक तुकडा नाही. त्याऐवजी तळ रुंद केलाय आणि आतल्या बाजूला वेगळ्या घडणीचा मऊ फोम घातलाय. म्हणजे ‘कुशन की स्टॅबिलिटी’ हा प्रश्न तुमचे दीर पळायला लागले तेव्हा जेवढा टोकाचा होता तेवढा आज राहिलेला नाही. आजचे स्टॅबिलिटी बूटही चांगले मऊ असतात.

ठसा बघून बूट द्यायची पद्धत मात्र कित्येक वर्षं चालत आलीय. सपाट ठसा असेल तर पाय जास्त वळणार, जास्त वळला तर दुखापत होणार, म्हणून वळणं आवरणारा बूट, असा तो हिशेब. ऐकायला बिनतोड वाटतो. 2009-10 च्या सुमारास अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन कोअरमध्ये तो भरती झालेल्या जवानांवर तपासून पाहिला. अर्ध्यांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना तळवा कसाही असो एकाच प्रकारचे. प्रशिक्षण संपल्यावर दोन्हीकडे दुखापती जवळपास सारख्याच निघाल्या, आणि तिन्ही ठिकाणी तेच. पुढे 2014 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी 927 नवशिक्या धावपटूंना एकच साधा न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिलं. पाय आत वळणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. ‘साधा घातलात तर गुडघा जाईल’ याला सरळ उत्तर म्हणजे हा अभ्यास. 2022 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 12 चाचण्या, 11 हजारांवर माणसं, असं सगळं एकत्र तपासलं. पायाच्या ठेवणीप्रमाणे बूट निवडून दिल्याने दुखापतीत फारसा फरक पडत नाही, असंच त्यातून दिसलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर दिरांचा विजय झाला असता. पण लक्झेंबर्गमध्ये 2016 मध्ये झालेला एक अभ्यास मला बाजूला ठेवता येत नाही. 372 हौशी धावपटू, सहा महिने, बाहेरून सारखाच दिसणारा बूट, फक्त काहींच्या बुटात वळणं आवरणारी रचना आणि काहींच्यात नाही. कुणाला कुठला मिळाला हे पळणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. तिथं आवरणाऱ्या बुटाच्या गटात दुखापती कमी निघाल्या, आणि फायदा मुख्यतः ज्यांचा पाय आत झुकतो त्यांना झाला. त्याच लोकांनी 2020 मध्ये 848 जणांवर मऊ आणि कडक फोम तपासला. कडक फोमवाल्यांना दुखापती जास्त झाल्या, आणि मऊ फोमचा फायदा दिसला तो हलक्या वजनाच्या माणसांना. आपल्याकडे समजूत अगदी उलटी आहे, कुशन म्हणजे जाड माणसासाठी. तुमचं वजन 54 किलो आहे, तेव्हा हे तुम्हाला लागू आहे.

हे सगळं तुमच्या पायापाशी आणून ठेवलं तर माझं मत असं बनतं. दुकानात दोन्ही बूट घालून पळून बघा. ज्यात पाय निवांत वाटेल तो घ्या. हे मोघम वाटेल, पण कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी आयुष्यभर पळणाऱ्यांच्या पायांचा अभ्यास करून शेवटी हाच मुद्दा पुढे ठेवला: ज्यात तुम्हाला आराम वाटतो तो बूट तुमच्या पायाच्या नैसर्गिक चालीला आडवा येत नसतो. त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांना बुटात घालायचे निरनिराळे पातळ तळवे (इनसोल) देऊन स्वतःच्या सोयीने निवडायला सांगितलं, तेव्हा निवडणाऱ्यांत दुखापती कमी झाल्या, आणि सगळ्यांची निवड सारखी नव्हती. आराम ही चैन नाही, पाय स्वतः देत असलेली माहिती आहे, आणि ठशापेक्षा ती जास्त भरवशाची आहे.

दोन्ही सारखेच बरे वाटले तर तुम्ही सौम्य, मऊ स्टॅबिलिटी बूट घ्या. पाय आत झुकणारा, दुखणंही आतल्याच कडेचं, म्हणून. मात्र आतून दगडासारखा कडक, जड, कमानीखाली टोचणारा जुन्या पद्धतीचा बूट नको. हलक्या माणसाला तो त्रासच देईल. आणि कुशनचा बूट घातल्यावर उघडच बरं वाटलं तर बिनघोर तो घ्या आणि दोन हजार वाचवा. दिरांचं फक्त ‘जास्तीत जास्त’ हे बाजूला ठेवा. फार उंच, लोण्यासारख्या मऊ सोलवर तुमच्यासारखा पाय जास्तच डुलतो. येळ्ळूरकडच्या मुरमाच्या कडेवर किंवा राजहंसगडाच्या चढावर अशा उंच बुटात घोटा मुरगळायला एक खडा पुरतो. मधल्या जाडीचा, टाचेशी रुंद तळ असलेला कुशन बूट बघा.

नावं हवी असतील तर ॲसिक्सचा जीटी-1000 किंवा जीटी-2000, सॉकनीचा गाइड, ब्रुक्सचा ॲड्रेनॅलिन हे सौम्य स्टॅबिलिटीचे. ॲसिक्सचा क्युम्युलस, ब्रुक्सचा घोस्ट, सॉकनीचा राइड, नायकेचा पेगासस हे मधल्या कुशनचे. मागच्या वर्षीची आवृत्ती मागा. नवी आवृत्ती आली की जुनीची किंमत उतरते आणि पळणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत क्वचितच मोठा फरक असतो. खडे बाजार, गणपत गल्लीकडे तुमच्या मापात दोन्ही प्रकार मिळाले नाहीत तर कोल्हापूर किंवा हुबळीला जाणं होईल तेव्हा मोठ्या दुकानात बघा. न घालता ऑनलाइन मागवू नका, निदान पहिला जोड तरी नको. परत घेण्याची सोय असेल तर गोष्ट वेगळी. मग घरात स्वच्छ फरशीवर पळून बघा आणि पटलं नाही तर परत करा.

दुकानात संध्याकाळी जा, शाळा सुटल्यावर. दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो आणि पळतानाही तो तेवढाच फुगतो. पळताना घालता तेच मोजे न्या. पुढे अंगठ्याची रुंदी मावेल एवढी जागा हवी, आणि ती सर्वांत लांब बोटापुढे. काहींचं दुसरं बोट लांब असतं. चवड्याशी दोन्हीकडून आवळत असेल तर मोठा नंबर घेऊन भागवू नका, रुंदी वाढवून मागा. उन्हाळा-पावसाळा उघड्या चपलांत वावरलेले आपल्याकडचे पाय चवड्याशी पसरलेले असतात आणि बायकांचे बूट अरुंद साच्याचे येतात. बायकांच्या बुटात नेहमीची रुंदी ‘बी’ असते, पुरुषांच्यात ‘डी’. पुष्कळ दुकानांत बायकांचा रुंद बूट ठेवतच नाहीत. तेव्हा त्याच मॉडेलचा पुरुषांचा बूट नंबर जुळवून बघायला अजिबात संकोच करू नका. टाच मागे सुटत असेल तर वरचं शेवटचं भोक वापरून लेस बांधा, ते त्याचसाठी असतं.

मग पळा. दुकानदाराला सांगून बाहेर फुटपाथवर निदान दोन-तीन मिनिटं पळा, नुसतं चालून कळत नाही. एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरा बूट घालून पळा, मग अदलाबदल करा. डाव्या पायाला काय वाटतं याकडे लक्ष द्या. कमानीखाली काही टोचतंय का, आतल्या बाजूने कुणी ढकलल्यासारखं वाटतंय का, टाच टेकताना डुलते का. चांगल्या बुटात यातलं काहीच जाणवत नाही. ‘घालून घालून सैल होईल’ हे ऐकून बूट घेऊ नका. पळायचा बूट पहिल्या दिवशीच पायाला बरा वाटला पाहिजे.

नवा बूट आणला की पहिले आठ-दहा दिवस त्यात छोटी अंतरंच पळा. पळायच्या बुटाची टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मि.मी. उंच असते, काही कंपन्यांची त्याहून कमी. जुन्या आणि नव्या बुटात या उंचीचा फरक असेल तर पोटरीला तो जाणवतो. हा बूट शाळेत घालू नका. दिवसभर उभं राहून त्याचा फोम पळण्याआधीच दबतो. शाळेसाठी वेगळी, टाचेला आधार असलेली चप्पल किंवा सँडल ठेवा. पळायचा जोड साधारण 500 ते 800 कि.मी. चालतो. तुमच्या हिशेबाने वर्षाच्या आत-बाहेर. बाहेरून चांगला दिसला तरी फोम आतून गेलेला असतो, म्हणून तारीख कुठं तरी लिहून ठेवा. पुढे कधी पैसे झाले तर दुसरा, वेगळ्या घडणीचा जोड घ्या आणि आलटूनपालटून वापरा. दोन-तीन वेगळे बूट वापरणाऱ्यांना दुखापती कमी होतात असं त्याच लक्झेंबर्गच्या मंडळींना दिसलंय. प्रत्येक बुटात भार थोड्या वेगळ्या जागी पडत असावा, म्हणून.

पावसाबद्दल थोडं, कारण खानापूर, जांबोटीकडचे वाचकही हा प्रश्न विचारतात. जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की कुठलाच बूट धरत नाही, त्या वाटा आश्विनापर्यंत सोडून द्या. निपाणी-चिकोडीकडे काळ्या रानात गाडीवाटेने पळणाऱ्यांच्या सोलला चिखलाचा थर बसतो आणि मग आतला फोम कसाही असो, पाय वेडावाकडाच पडतो. पावसात त्यांनी डांबरी रस्त्याचा मधला सपाट भाग, गाड्या नसतील तेव्हा, किंवा शाळेचं मैदान धरावं. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये, डिंक सुटतो. आतला तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासाभराने बदलावेत.

आता तुमच्या भावाचं. त्याला सांगा, सपाट पाय म्हणजे आपोआप नापास असं नाही. एनडीए, सीडीएस या अधिकारी भरतीच्या परीक्षांच्या जाहिरातीसोबत सैन्याचे वैद्यकीय निकष छापलेले असतात, त्यात हे स्पष्ट आहे: चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, चवड्यांवर नीट पळता-उड्या मारता येत असेल, पाय लवचिक असेल आणि दुखत नसेल, तर उमेदवार चालतो. त्याने आरशासमोर चवड्यांवर उभं राहून बघावं. कमान वर आली तर पाय लवचिक आहे. तुम्हीही बघा, तुमचीही येईल असं मला वाटतं. चवड्यांवर उभं राहूनही तळवा सपाटच राहिला, किंवा पाय कडक आणि दुखरा असेल, तर भरतीच्या दिवसाची वाट न बघता आत्ताच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. बूट किंवा आत घालायचा तळवा घेऊन कमान तयार होत नाही, त्यामुळे वैद्यकीय तपासणीसाठी म्हणून स्टॅबिलिटी बुटावर पैसे घालू नयेत. भरतीचं पळणं 1.6 कि.मी.चं, वेगाचं. त्यासाठी हलका, बसका, पायात घट्ट बसणारा न्यूट्रल बूट पुरे. मात्र बेळगावच्या कॅम्प भागात भरतीची पोरं करतात तसं रोज घड्याळ लावून पूर्ण जोराने 1.6 पळू नये. वेगाचा सराव आठवड्यातून दोनदा, बाकीचे दिवस सावकाश. आणि पायरीवरचा टाचांचा व्यायाम त्यानेही तुमच्यासोबत करावा.